दागिन्यांसाठी चामडं: कुठलं घ्यावं, किती जाड, आणि कशासोबत?

रानजाई

नमस्कार मंडळी,

मणी आणि तार यांचं काम मी चार वर्षं केलं. गेल्या वर्षी चामड्याकडे वळले. पहिल्या सहा महिन्यांत जेवढं सामान वाया गेलं, तेवढं आधीच्या चार वर्षांत मिळूनही गेलं नव्हतं. हात बसलेला होता, निवड चुकत होती.

पहिला फटका असा: मोरपंखी रंगाचा, लोण्यासारखा मऊ तुकडा घेतला. त्यावर पानाचा ठसा उठवून कानातले करायचे होते. ठसा ठोकला, छान उमटला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर पानाच्या शिरा जवळजवळ पुसल्या गेलेल्या. चामडं परत फुगून सपाट झालं होतं. दुसरा फटका मनगटाच्या रुंद पट्ट्याचा. पितळी रिव्हेट (ठोकून बसवायच्या धातूच्या खिळ्या) लावून दोन महिने डब्यात ठेवला होता. काढला तर प्रत्येक रिव्हेटभोवती हिरवट, मेणासारखा थर साचलेला. तिसरा सगळ्यात जास्त लागला, कारण वस्तू भेट दिलेली होती. मैत्रिणीला गडद निळ्या दोरीत पदक ओवून दिलं, तिनं ते पांढऱ्या शर्टावर घातलं आणि संध्याकाळी कॉलरच्या आत निळी रेघ उमटलेली दिसली.

तेव्हापासून एक सवय लावून घेतली आहे. रंग आणि पोत बघून चामडं उचलायचं नाही. दागिना अंगावर कुठे बसणार, त्याला वाकायचं आहे की ताठ राहायचं आहे, कुठला धातू त्याला टेकणार, हे आधी ठरवायचं. चामडं त्यानंतर.

तरी काही गोष्टी अजून नीट कळलेल्या नाहीत. कानातल्यांना किती जाडी पुरते? गोल दोरीच्या टोकाला बसवलेली धातूची टोपी काही दिवसांनी निसटून येते, ती कशी टिकवायची? आणि पट्ट्याची आतली बाजू, जी दिवसभर कातडीला घासते, तिला काय लावता? ज्यांनी हात काळे करून शिकलंय त्यांनी सविस्तर लिहा, प्लीज.

आरीदोरा

रानजाई, तुमच्या पहिल्या फटक्याचं उत्तर चामडं कसं कमावलंय यात आहे. बाकी सगळं नंतर.

चामडं कमावण्याच्या दोन मुख्य पद्धती. एक झाडाच्या सालीची: ओक, चेस्टनट, मिमोसा, हिरडा, बाभूळ अशा झाडांमधलं टॅनिन नावाचं तुरट द्रव्य कातड्यात मुरवतात. याला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. दुसरी क्रोमची: क्रोमियमच्या क्षारांत कातडं घोळवतात आणि एखाद्या दिवसात काम होतं. क्रोमची पद्धत १८८४च्या पेटंटनंतर कारखान्यांत रुळली आणि आज जगातलं बहुतांश चामडं तसंच बनतं. पर्स, जॅकेट, सोफा, सगळं तेच.

सालीनं कमावलेलं चामडं ओलं केलं की मातीसारखं वळतं आणि वाळलं की तो आकार धरून ठेवतं. ठसा, कोरीवकाम, साच्यावर बसवून पाकळीसारखी वाटी करणं, हे सगळं यातच होतं. क्रोमचं चामडं स्पंजासारखं आहे, दाबलं की परत येतं. तुमच्या पानाच्या शिरा त्यामुळेच गेल्या. मात्र क्रोमचं चामडं मऊ असतं, पाण्याला जास्त तोंड देतं आणि त्यात झळझळीत रंग मिळतात. झालरी, गोंडे, विणलेली कडी, कापून लटकवलेल्या पाकळ्या यांना क्रोमच चांगलं. ज्याचं काम त्यानं करावं.

ओळखायचं कसं? कापलेली कड बघा. क्रोमच्या चामड्याचा गाभा बऱ्याचदा करडा-निळसर असतो, सालीच्या चामड्याचा बदामी किंवा तपकिरी. कोऱ्या, लेप नसलेल्या तुकड्यावर पाण्याचा थेंब टाका: सालीचं चामडं थेंब पिऊन लगेच काळवंडतं. काही जण जाळून बघायला सांगतात. ते घरी करू नका, क्रोमच्या चामड्याचा धूर आणि राख चांगली नाही.

ठसा उठवताना सालीच्या चामड्यालाही घाई चालत नाही. स्पंजानं ओलं केलं की ते गडद होतं. लगेच ठोकलं तर ठसा पाणचट येतो. थांबायचं. रंग जवळजवळ मूळचा झाला, पण तुकडा गालाला लावल्यावर गार लागतोय, ती नेमकी वेळ. मी अजूनही गालालाच लावून बघतो, घड्याळ बघत नाही.

आता जाडी. बऱ्याच ठिकाणी चामडं औंसात विकतात. १ औंस म्हणजे इंचाचा ६४वा भाग, सुमारे ०.४ मिमी. कानातल्यांना २ ते ३ औंस, म्हणजे ०.८ ते १.२ मिमी पुरतं. ५ सेंमी लांब, ३ सेंमी रुंद आणि १ मिमी जाड पान दीड ग्रॅमच्या आतच भरतं, कानाला ओझं होत नाही. हीच चामड्याची धातूवरची मोठी सरशी आहे, तिचा फायदा घ्या आणि कानातले बिनधास्त मोठे करा. मनगटाच्या एकेरी पट्ट्याला ३ ते ३.५ मिमी. आतून अस्तर लावणार असाल तर वरचा थर १.६ ते २ मिमी आणि अस्तर ०.६ ते ०.८ मिमी, बकरीच्या चामड्याचं.

आणि तुकडा कातड्याच्या कुठल्या भागातला आहे हे विचारा. पाठीचा भाग घट्ट आणि एकसारखा असतो, पोटाचा सैल आणि ताणणारा. पोटाच्या भागातून कापलेला पट्टा महिन्याभरात लांबतो आणि बटण सैल पडतं. कानातल्यांना मात्र पोटाचा भागही चालतो, तिथे ताण नसतोच.

कोरा_कागद

खूप छान माहिती. मी अगदी नवीन आहे, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटेल. पाकिटावर "अस्सल चामडं" असं लिहिलेलं असेल तर ते चांगलंच समजायचं ना? मी मागवलेल्या पट्ट्या दोन-तीनदा वाकवल्यावर वरचा पापुद्रा सुटायला लागला.

आरीदोरा

प्रश्न अजिबात बाळबोध नाही. "अस्सल" या शब्दातून एवढंच कळतं की कुठेतरी खरं कातडं आहे. जाड कातडं आडवं चिरून थर काढतात. वरच्या थरात तंतूंची घट्ट वीण असते, तो सगळ्यात मजबूत. खालचा थर सैल तंतूंचा. त्यावर प्लास्टिकचा लेप देऊन वरच्या थरासारखा पोत छापला की तेही "अस्सल"च. वाकवल्यावर तुमचा जो पापुद्रा सुटला तो हाच लेप असणार. याहून खालचं म्हणजे चामड्याचा भुसा गोंदात कालवून लाटलेला पत्रा. त्यात सुई घातली की भोकाची कड चुरते.

घेताना "फुल ग्रेन" विचारा, म्हणजे वरचा थर न घासता ठेवलेला. त्यावर केसांची बारीक छिद्रं दिसतात, कुठे कीटकाच्या चाव्याची किंवा ओरखड्याची खूण दिसते. नजर अशा खुणा शोधायला शिकली की फसगत थांबते. छापलेला पोत सगळीकडे एकसारखा असतो, खऱ्या कातड्याचा कधीच नसतो.

स्वेड हे बहुधा आतल्या थराचं, लव उठवलेलं. नुबक वरचीच बाजू हलकी घासून मखमली केलेली, म्हणून ते स्वेडपेक्षा टिकाऊ. दिसायला बहिणी-बहिणी आहेत, पण गळ्याशी घासणाऱ्या वस्तूला मी नुबक घेईन.

निळा_मणी

दोऱ्यांबद्दल मी लिहिते, माझं सगळं काम दोरीवरच आहे.

गोल चामडी दोरी १, १.५, २, ३ मिमी अशी मिळते. रीळ म्हणजे एक सलग दोरी असा समज असेल तर काढून टाका. कातड्यातून इतकी लांब पट्टी निघत नाही, म्हणून तुकडे तिरके तासून चिकटवलेले असतात. नवीन रीळ आलं की मी दिवा लावून बसते आणि पूर्ण दोरी अंगठा-तर्जनीतून सरकवते. सांध्यापाशी दोरी किंचित जाड आणि ताठ लागते. तिथे रंगीत धाग्याची गाठ मारून ठेवते आणि कापताना तो भाग वगळते. एकदा हे केलं नव्हतं आणि गळ्यातलं नेमकं सांध्यावर तुटलं, जड दगडासकट. दगड वाचला, पण ज्यांनी ते घेतलं होतं त्यांचा विश्वास परत मिळवायला वेळ लागला.

दोरी कापून टोक बघा. गाभा फिकट आणि रंग फक्त वरती असेल तर घासून पांढुरक्या रेघा पडणार. आरपार रंगलेली दोरी जुनी होते तीही सुंदर दिसते.

मण्यांची भोकं हा खरा त्रास. ११ नंबरचा बारीक मणी साधारण २ मिमीचा, त्याचं भोक ०.८ मिमीच्या आसपास. मोत्यांची भोकंही तेवढीच बारीक. १ मिमीची दोरीसुद्धा त्यातून जात नाही. दोन वाटा आहेत. मोती तारेत ओवून तारेला दोन्हीकडे वेढे द्यायचे आणि त्या कड्या दोरीला अडकवायच्या. किंवा हिऱ्याच्या कणांच्या कानशीनं, मोती पाण्याखाली धरून, हळूहळू भोक मोठं करायचं. कोरडं घासू नका, मोती चिरतो आणि त्याची पूड श्वासात जाते.

साधा हिशोब: दोरीपेक्षा भोक निदान अर्धा मिमी मोठं हवं. एका भोकातून १ मिमीच्या दोन दोऱ्या जायच्या असतील तर दोन मिमीचं भोक बेताचंच, घासाघीस होते. आणि गाठीनं मणी अडवायचा असेल तर भोक फार मोठं असूनही चालत नाही, गाठच आत जाते. म्हणून मी आधी मणी निवडते, मग भोक मोजते, मग दोरी मागवते.

वेणी घालायची असेल तर हरणाच्या चामड्याची नाडी हाताला फार मऊ, पण ताणते. कांगारूच्या चामड्याची पातळ असूनही कमालीची मजबूत, बारीक विणकामाला तोड नाही. तीन पदरी वेणीसाठी तयार लांबीच्या निदान दीडपट नाड्या घ्या. गोल चार पदरी वेणी यापेक्षाही जास्त खाते, तेव्हा आधी वीतभर विणून किती लागलं ते मोजा.

पितळपान

रानजाईताई, हिरव्या थराबद्दल. मी धातूकाम करतो, चामडं फक्त जोडीला वापरतो, त्यामुळे हा थर भरपूर पाहिलाय.

चामड्याला मऊ ठेवायला तेल-चरबी मुरवलेली असते. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. चरबीतली आम्लं तांब्याला धरतात आणि हिरवा, मेणचट क्षार तयार होतो. ओल आणि बंद डबा मिळाला की काम आणखी जलद. तुमच्याकडे तिन्ही गोष्टी एकत्र आल्या. लाकडी काडीनं खरवडून कोरड्या फडक्यानं पुसलं की थर निघतो, पण कारण तसंच राहिलं तर परत येतो. रिव्हेट बसवण्याआधी त्याच्या पायाला पारदर्शक लॅकरचा हात द्या, किंवा स्टेनलेस स्टीलचं रिव्हेट घ्या. आणि पट्ट्याला तेल पाजताना हात आखडता ठेवा. थोडं तेल चामड्याला पुरतं, उरलेलं पितळाकडे जातं.

साधं लोखंड त्याहून वाईट. सालीचं चामडं ओलं असताना त्याला लोखंड टेकलं की काळा डाग पडतो. लोखंड आणि टॅनिन मिळून जुन्या काळी लिहायची शाई करत, तीच ही क्रिया. मी एकदा कानशीनं खिळा घासला आणि तसाच जाऊन ओला पट्टा उचलला. माझ्या अंगठ्याचा ठसा, रेघा न् रेघा, काळ्या शाईत उठावा तसा पट्ट्यावर उमटला. ताज्या डागावर लिंबाचा रस चोळून पाण्यानं पुसला तर बराच उतरतो. तेव्हा मला हे माहीत नव्हतं, पट्टा गेला. हीच क्रिया मुद्दाम करूनही घेता येते: लोखंडी कीस व्हिनेगरमध्ये काही दिवस ठेवायचा, गाळायचा आणि ते पाणी सालीच्या चामड्याला लावायचं. चामडं आतपर्यंत काळं होतं. हा काळा बोटाला रंगासारखा लागत नाही, कारण तो वरून बसलेला नाही, चामड्यातच तयार झालेला आहे.

चांदीचं म्हणाल तर चामड्यात गुंडाळून ठेवू नका, काळी पडते. घालताना एकत्र, ठेवताना वेगळं.

जाईचा_वेल

मी बनवत नाही, फक्त घालते. पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मला निकेलची अ‍ॅलर्जी आहे. कानात चुकीचा हूक गेला की दोन दिवसांत कानाची पाळी लाल होते, खाज सुटते, पाणी येतं, आणि पुढचे दोन-तीन आठवडे काहीच घालता येत नाही. बनवणारे मनापासून चामडं निवडतात आणि हूक मात्र मिळेल तो लावतात. "जर्मन सिल्व्हर" नाव ऐकून मी एकदा फसले. त्यात चांदी नसतेच, तांबं, जस्त आणि निकेल असतं. कृपा करून हुकाचा धातू कागदावर लिहून देत जा. टायटॅनियम, नायोबियम किंवा भरवशाची ९२.५ टक्के चांदी असेल तर मी डोळे मिटून घालते.

पितळपान

जाईचा_वेल, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं. बनवणाऱ्यांसाठी थोडी भर घालतो.

युरोपीय संघात निकेलवर मर्यादा आहे ती धातूत किती निकेल आहे यावर नाही, तर त्यातून किती सुटतं यावर. कातडीला सतत टेकणाऱ्या वस्तूंना आठवड्याला दर चौरस सेंटीमीटरमागे ०.५ मायक्रोग्रॅम, आणि टोचलेल्या भोकात जाणाऱ्या भागाला ०.२. म्हणून ३१६एल या जातीच्या स्टेनलेस स्टीलमध्ये निकेल असूनही ते बहुतेकांना चालतं, कारण निकेल आत घट्ट धरलेलं असतं. ज्यांना तीव्र त्रास आहे त्यांनी मात्र टायटॅनियमच घ्यावं. मुलाम्याच्या हुकाचा मुलामा कधीतरी झिजणार, तेव्हा त्याच्या खाली काय आहे हे विचारायलाच हवं.

चामड्यालाही असा नियम आहे, तो कमी लोकांना ठाऊक असतो. क्रोमच्या चामड्यातलं क्रोमियम सहसा निरुपद्रवी, तीन-संयुजी रूपात असतं. कमावताना निष्काळजीपणा झाला किंवा नंतर उष्णता, ऊन लागलं तर थोडं सहा-संयुजी होऊ शकतं, आणि त्याचीही अ‍ॅलर्जी होते. कातडीला लागणाऱ्या चामड्यात ते किलोमागे ३ मिलिग्रॅमच्या खाली असावं असा युरोपीय संघात १ मे २०१५ पासून नियम आहे. मनगटाला, गळ्याला क्रोमचं चामडं वापरणार असाल तर विकणाऱ्याकडे या चाचणीची चौकशी करा. माहीत असलेला माणूस लगेच उत्तर देतो.

रानजाई

किती भरभरून लिहिलंत सगळ्यांनी. पितळपान, तुम्ही हिरव्या थराचं कारण सांगितलंत आणि आठवलं: तो पट्टा छान मऊ व्हावा म्हणून मी त्याला तीनदा तेल पाजलं होतं.

जाईचा_वेल, आजपासून प्रत्येक कानातल्यासोबत धातूची चिठ्ठी जाईल.

आणखी एक विचारते. मनगट मोजून, १६ सेंमीला थोडी सैलाई धरून पट्टा कापते, तरी तो घट्टच होतो. पातळ चामड्याला हे होत नाही, जाडालाच होतं. का?

आरीदोरा

कारण पट्टा वळला की त्याची आतली बाजू आखडते आणि बाहेरची ताणते. मधला थर तेवढा लांबीला कायम राहतो. म्हणजे सपाट पट्टी जेवढी लांब, त्यापेक्षा आतला घेर कमी. किती कमी? जाडी गुणिले ३.१४. तुमचं चामडं ३ मिमीचं असेल तर सुमारे ९.४ मिमी, जवळपास एक सेंटीमीटर घेर हरवला. १ मिमीच्या चामड्यात फक्त ३ मिमी जातो, म्हणून तिथे जाणवत नाही.

१६ सेंमी मनगटाला: १६, अधिक १ जाडीसाठी, अधिक १ सैलाईसाठी, म्हणजे बटणापासून बटणापर्यंत १८ सेंमी. टोकांवर टोक चढणार तो भाग वेगळा धरा. अस्तर लावणार असाल तर दोन्ही थर सपाट चिकटवू नका. गोल बाटलीवर वळवून चिकटवा, नाहीतर घातल्यावर अस्तराला सुरकुत्या पडतात.

आतल्या बाजूबद्दल तुम्ही विचारलं होतं. अस्तर नसेल तर मी आतल्या लवदार बाजूला ट्रॅगाकँथ डिंकाचं पातळ पाणी लावतो आणि काचेच्या गुळगुळीत तुकड्यानं घोटतो. लव बसते, रंग सुटत नाही, कातडीला टोचत नाही. आतल्या बाजूला रंग देतच नाही. कडाही तशाच: आधी कड तासायच्या छोट्या रंध्यानं कोन मोडायचा, ओलसर करायचं, मग लाकडी दांडीनं चमक येईपर्यंत घासायचं. सालीच्याच चामड्याला हे जमतं. क्रोमची कड कितीही घासा, केसाळच राहते, तिला कडेचा रंग द्यावा लागतो नाहीतर दुमडून शिवावी लागते.

सुतळी

कड घासायला डिंक हवाच असं नाही. साधं पाणी आणि जाड कॅनव्हासचा तुकडा पुरतो, शेवटी मधमाश्यांचं मेण. मी कित्येक वर्षं तेच करते आहे.

आता टोप्यांबद्दल, कारण त्या मुद्द्यावर अजून कोणीच लिहिलं नाही. टोपी निसटते त्याची तीन कारणं मी पाहिली आहेत. एक, टोपी सैल असते. २ मिमीच्या दोरीला आतून २.२ ते २.५ मिमीची टोपी हवी, ३ची नको. दोन, दोरीवर मेण-तेलाचा लेप असतो, गोंद त्यालाच धरतो आणि दोघे मिळून बाहेर येतात. टोकाचे ५ मिमी चाकूनं हलके खरवडून घ्या. टोपीच्या आतही सुईनं दोन-चार ओरखडे काढा आणि स्पिरिटनं पुसा. तीन, गोंद चुकीचा. झटपट चिकटणारा सुपरग्लू वाळल्यावर काचेसारखा ठिसूळ होतो, शिवाय दोरीत वर चढतो. टोपीच्या तोंडाशी दोरी काडीसारखी कडक होते आणि नेमकी तिथेच मोडते. दोन नळ्यांचा इपॉक्सी घ्या, टोपीत अर्ध्यापेक्षा कमी भरा, दोरी फिरवत आत घाला म्हणजे आतली हवा बाहेर येते. आणि चोवीस तास हात लावू नका. पाच मिनिटांत घट्ट होतो असं नळीवर लिहिलेलं असलं तरी पूर्ण ताकद यायला वेळ लागतो.

निळा_मणी

सुतळी, सुपरग्लू पूर्ण टाकून देऊ नका हं. दोरीचं टोक तिरकं कापायचं, त्यावर एक थेंब, वाळलं की टोक सुईसारखं कडक होतं आणि मणी भराभर ओवले जातात. ओवून झालं की तेवढं टोक छाटायचं. माझ्याकडे त्याचं एवढंच काम आहे.

सुतळी

हे मान्य. छाटायचं टोक असेल तर हरकत नाही, दागिन्यात राहणाऱ्या भागाला मात्र नकोच.

दोन चामडी थर एकमेकांना चिकटवायचे तर रबरी गोंद. दोन्ही बाजूंना पातळ लावा, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत दहा-पंधरा मिनिटं थांबा, मग एकदाच नेमका बसवा. एकदा टेकला की सरकवता येत नाही. खिडकी उघडी ठेवून करा, वास डोक्यात जातो. गुळगुळीत बाजूला चिकटवायचं असेल तर आधी घासून खरबरीत करा.

कोरा_कागद

जे चामडं वापरत नाहीत त्यांच्यासाठी काय? माझी बहीण प्राण्यांचं काहीच घालत नाही.

निळा_मणी

बुचाच्या झाडाच्या सालीचा कागद कापडावर चिकटवलेला मिळतो. हलका असतो, कानातल्यांना फार सुंदर दिसतो, पण मनगटाला वाकून वाकून तडकतो. दोरीसाठी मेण लावलेली सुती दोरी घ्या, गाठी घट्ट बसतात. प्लास्टिकच्या लेपाचं नकली चामडं मी टाळते, काही वर्षांत लेप सोलून निघतो.

रानजाई

सहा आठवड्यांनी परत लिहिते आहे. दरम्यान एक चाचणी केली, ती सगळ्यांच्या उपयोगाची वाटते.

निळ्या दोरीचा प्रसंग परत नको म्हणून सालीच्या चामड्याच्या चार पट्ट्या एकाच निळ्या स्पिरिट-रंगात रंगवल्या. पहिली तशीच ठेवली. दुसरी वाळल्यावर कोरड्या फडक्यानं खूप घासली, फडकं निळं व्हायचं थांबेपर्यंत. तिसरी तशीच घासून वर मेण लावलं. चौथी घासून अ‍ॅक्रिलिक लेपाचे दोन पातळ हात दिले. मग प्रत्येकीवर ओलं पांढरं फडकं वीस वेळा चोळलं, घामाचा अंदाज यावा म्हणून पाण्यात चिमूटभर मीठ घातलं होतं. पहिलीचं फडकं गडद निळं. दुसरीचं फिकट. तिसरीचं जेमतेम आकाशी. चौथीचं पांढरंच राहिलं. पण चौथी वाकवल्यावर लेपाची बारीक रेघ दिसली, म्हणून वाकणाऱ्या पट्ट्याला आता एकच पातळ हात देते आणि आतली बाजू कोरी ठेवते. तयार दोरीवरही हीच चाचणी करते, निळी उतरली तर ती दोरी गळ्यात जात नाही.

टोप्या सुतळीनं सांगितल्या तशाच बसवल्या. अकरा गळ्यातली केली, आतापर्यंत एकही निसटलेली नाही. पट्टा १८ सेंमीचा कापला, अगदी बरोबर बसला. हिरव्या थराच्या पट्ट्याचे रिव्हेट काढून स्टीलचे लावले आहेत.

मैत्रिणीलाही नवीन दोरी करून दिली. निळीच, तिला तोच रंग हवा होता. काल तिनं कॉलरच्या आतल्या बाजूचा फोटो पाठवला. शर्ट पांढराच आहे.

आरीदोरा

मीठ घातलेल्या पाण्याची युक्ती मी आजवर केली नव्हती, आता करणार. एक सुचवतो: त्या चार पट्ट्या अर्ध्या झाकून खिडकीत उन्हात ठेवा. महिन्याभरानं झाकलेला आणि उघडा भाग शेजारी-शेजारी बघा. सालीचं चामडं उन्हात गडद होतं आणि निळा रंग उतरतो, त्यामुळे निळ्याचा हिरवट व्हायला लागतो. घेणाऱ्याला ते आधीच दाखवता आलं तर बरं.

रानजाई

आजच ठेवते, दादा. अर्ध्या भागावर जाड पुठ्ठा बांधला आहे. महिन्यानं फोटो इथेच टाकते.